दुधाची पारख शिकवणाऱ्या कमलाबाई

मैत्रिणींनो, सकाळी दारात दूधवाले भाऊ येतात, मापाने दूध ओततात आणि पातेलं आत नेता नेता आपली एक नजर दुधावर पडतेच. पातळ तर नाही ना? वास तर येत नाही ना? कालच्यापेक्षा साय कमी आली, तर दुसऱ्या दिवशी त्यांना दोन शब्द ऐकवायलाही आपण कमी करत नाही! फैजपूर, सावदा, यावल, रावेरकडे ज्यांच्या घरी गाई-म्हशी आहेत, त्या बाया डेअरीवर दूध घालतात. तिथे यंत्रावर फॅट बघतात, एसएनएफ बघतात आणि त्यावर भाव ठरतो. पण एवढं सगळं बघूनही दुधातली एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही आणि फॅटच्या यंत्रालाही सापडत नाही. ती म्हणजे रोगाचे जंतू.

वरून चांगलं दिसतं म्हणून चांगलं, असं मानायचं नाही. आधी पारखायचं, मग ठरवायचं. ही सवय आपल्या बायकांना लागावी म्हणून एका मोठ्या शास्त्रज्ञ बाईंनी उतारवयात खूप कष्ट घेतले. त्यांचं नाव डॉ. कमला सोहोनी. गंमत म्हणजे, त्यांची स्वतःची पारख मात्र न करताच त्यांना दारातून परत पाठवायला निघाले होते!

कमलाबाई माहेरच्या भागवत. जन्म इंदूरचा. लेखिका दुर्गाबाई भागवत आपल्या सगळ्यांना ठाऊक आहेत. १९१० साली जन्मलेल्या दुर्गाबाईंच्या पाठची ही बहीण. घरात रसायनशास्त्र जणू पाणी भरत होतं. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेतून शिकून बाहेर पडलेल्या अगदी सुरुवातीच्या रसायनशास्त्रज्ञांपैकी. तेव्हा आपणही तिथेच जायचं, हे कमलाने लहानपणीच ठरवलेलं. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून रसायन आणि भौतिकशास्त्र घेऊन त्या बी.एस्सी. झाल्या, त्याही पहिल्या क्रमांकाने. अर्ज केला. आता नाही म्हणायला जागाच कुठे होती?

पण नकार आला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. १९३० साली नोबेल मिळालेले, साऱ्या देशाला ज्यांचा अभिमान असे रामन! गुण कमी पडले म्हणून नव्हे, जागा नाही म्हणूनही नव्हे, तर अर्ज करणारी मुलगी आहे म्हणून त्यांनी नाही म्हटलं. वडील आणि काका समजूत घालायला गेले, तरी उपयोग झाला नाही.

दुसरी एखादी मुलगी असती तर घरी बसून रडली असती आणि वर्षभरात लग्न होऊन सासरी गेली असती. कमला मात्र सरळ बंगलोरला जाऊन रामन यांच्यासमोर उभी राहिली. मुलगी म्हणून मला नाकारायचं कारण काय, ते सांगा, असा तिचा हट्ट. गांधीजींच्या सत्याग्रहाचे ते दिवस होते आणि प्रवेश मिळाल्याशिवाय हलायचं नाही, असा हिचाही निर्धार. शेवटी रामन नमले, पण अटी घालून. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, काम बघून मग ठरवू. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, अगदी रात्रीसुद्धा काम करावं लागेल. आणि तिसरी अट म्हणजे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडू द्यायचं नाही. म्हणजे काय, तर मुलांचं लक्ष विचलित करायचं नाही! हा अपमान कमलाबाई शेवटपर्यंत विसरल्या नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी तो गिळला आणि कामाला लागल्या. परीक्षाच घ्यायची ना? घ्या!

मार्गदर्शक मिळाले श्रीनिवासय्या. कडक शिस्तीचे, पण हातचं राखून न शिकवणारे. त्यांच्या हाताखाली कमलाने जे काम धरलं, ते आपल्या स्वयंपाकघराच्या अगदी जवळचं होतं. दुधातली प्रथिनं आणि डाळी-कडधान्यांमधली प्रथिनं! आपला देश गरीब, मांसमच्छी सगळ्यांना परवडत नाही, कित्येक जण खातही नाहीत. मग पोषण मिळणार ते दूध आणि डाळीतूनच. तेव्हा त्यांच्यात नक्की काय असतं, हे मोजून बघायला हवं होतं. वर्ष संपलं, रामन यांनी काम पाहिलं आणि समाधानाने तिला नियमित संशोधनाची परवानगी दिली. एवढंच नाही, तर त्यानंतर मुलींसाठी संस्थेचं दार उघडलं. एका मुलीने अपमान सोसून वर्षभर परीक्षा दिली आणि पाठीमागून येणाऱ्या कितीजणींची वाट मोकळी झाली, पहा!

१९३६ साली कमलाला एम.एस्सी. मिळाली. आपल्याकडच्या वाचकांना हे साल वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन.

त्यानंतर शिष्यवृत्ती मिळवून कमला केंब्रिजला गेली. जीवरसायनशास्त्रात ते जगातलं नावाजलेलं ठिकाण. विभागाचे प्रमुख हॉपकिन्स हे जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ. तिथे आधी डॉ. रिक्टर आणि मग डॉ. रॉबिन हिल यांच्याकडे तिने काम केलं. आणि कशावर? बटाट्यावर! बटाट्यावर काम करता करता तिच्या लक्षात आलं, की वनस्पतींच्या पेशींमध्येही सायटोक्रोम-सी नावाचा घटक असतो आणि पेशींच्या श्वसनात त्याचं मोठं काम असतं. चौदा महिन्यांत संशोधन पूर्ण झालं. प्रबंध फक्त चाळीस पानांचा. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतात.

परदेशात राहता आलं असतं, पण त्या परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या. तिथून कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून गेल्या आणि जीवनसत्त्वांवर काम केलं. १९४७ साली एम. व्ही. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. संसार, मुलं आणि प्रयोगशाळा अशी तिहेरी कसरत सुरू झाली. ती कशी असते, हे तुम्हाआम्हाला कुणी सांगायला नको!

आता दुधाकडे येऊ. मुंबईत तेव्हा दुधाची फार वाईट अवस्था होती. शहराच्या दाट वस्तीत म्हशींचे तबेले, शेणामुताचा चिखल, माश्या आणि त्यातच दूध काढणं. १९४९ च्या सुमाराला गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली आणि तबेल्यांतली जनावरं तिकडे हलवायला सुरुवात झाली. दूध एका ठिकाणी गोळा करून, तपासून, तापवून, थंड करून बाटल्यांत भरायचं, अशी ही योजना. या आरे दूध प्रकल्पाला दुधाची प्रत सुधारण्यासाठी सल्ला देणाऱ्यांमध्ये कमलाबाई होत्या. बंगलोरला मुलगी म्हणून जिला आत घेत नव्हते, तिचा सल्ला आता हजारो मुंबईकरांच्या दुधासाठी घेतला जात होता.

दुधाची प्रत तपासतात म्हणजे काय करतात, हे आपण समजून घेऊ या. कच्चं दूध आलं की पहिली परीक्षा सोपी. थोडं दूध नळीत घेऊन ती उकळत्या पाण्यात पाचेक मिनिटं धरायची. फाटलं, तर ते दूध घेत नाहीत. दुसरी परीक्षा रंगाची. दहा मिलीलीटर दुधात मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचं एक मिलीलीटर द्रावण घालतात आणि नळी सदतीस अंशांच्या कोमट पाण्यात ठेवून घड्याळ बघतात. दुधात जंतू वाढत असले, की ते दुधातला प्राणवायू संपवतात आणि निळा रंग उडत जातो. जंतू जितके जास्त, तितका रंग लवकर उडतो. पाच तास टिकला तर दूध उत्तम. अर्ध्या तासातच पांढरं झालं, तर समजायचं की धार काढताना, भांड्यात किंवा वाटेत कुठेतरी घाण झाली आहे, नाहीतर दूध फार वेळ गरम राहिलं आहे.

दूध तापवल्यावरही एक परीक्षा असते. पाश्चरीकरण म्हणजे दूध त्रेसष्ट अंशांवर अर्धा तास किंवा बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद ठेवून लगेच थंड करायचं. पण ते नीट झालं की नाही, हे कळणार कसं? इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकात त्यावर एक छान युक्ती निघाली. कच्च्या दुधात फॉस्फेटेज नावाचं एक एन्झाइम, म्हणजे विकर असतं. क्षयाचे जंतू मरायला जेवढी उष्णता लागते, त्याहून थोडी जास्त उष्णता मिळाली की हे विकर नष्ट होतं. मग तापवलेल्या दुधात ते सापडलं, तर समजायचं की काम अर्धवट झालंय. नाही सापडलं, तर जंतूही मेलेत. विकरांचं शास्त्र हा तर कमलाबाईंचा खास अभ्यास. वाल आणि इतर शेंगांमध्ये आपल्या पचनाच्या विकराला अडवणारे पदार्थ असतात, यावर त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मुंबईत मोठं काम केलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या गोठ्यातल्या गाईचं दूध ताजं आहे, गोड आहे, त्यात कसले आलेत जंतू? इथेच तर खरी गोम आहे. दूध नासवणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे वेगळे. क्षयाचे किंवा ब्रुसेलाचे जंतू असलेलं दूध नासत नाही, वास मारत नाही, चवीलाही छान लागतं!

ब्रुसेलाची ही गोष्ट सिद्ध केली तीही एका बाईनेच. अमेरिकेतल्या ॲलिस इव्हान्स, शेतकऱ्याच्या घरातल्या. आधी शाळेत शिक्षिका होत्या, मग शिकून सरकारी दुग्ध विभागात जंतुशास्त्रज्ञ झाल्या. ज्या जंतूमुळे गाई गाभ टाकतात आणि ज्यामुळे माणसांना अंग मोडून काढणारा, उतरून पुन्हा येणारा ताप येतो, ते एकमेकांचे सख्खे नातेवाईक आहेत, हे त्यांनी तपासून दाखवलं. म्हणून कच्चं दूध पिणं धोक्याचं आहे, असं त्यांनी १९१७ साली शास्त्रज्ञांपुढे मांडलं आणि १९१८ साली ते छापून आलं. बाईमाणूस, त्यात पदवी मोठी नाही, मोठमोठ्या शास्त्रज्ञांना जे दिसलं नाही ते हिला कसं दिसेल, म्हणून पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. पुढे दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा तेच खरं निघालं. १९२२ साली प्रयोगशाळेत काम करताना त्यांना स्वतःलाच हा ताप लागला आणि वीसहून जास्त वर्षं तो पुन्हा पुन्हा येत राहिला. सुरुवातीला डॉक्टरांनी काय निदान करावं? हा मनाचा आजार आहे म्हणून! बाईचं दुखणं म्हणजे मनाचे खेळ, हे तिकडेही होतंच म्हणायचं. पण १९२८ साली याच ॲलिसबाई अमेरिकेतल्या जंतुशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. पाश्चरीकरणाचे नियमही तिकडे हळूहळू कडक होत गेले.

हा रोग आपल्या देशातल्या जनावरांमध्येही आहे. जनावर रोगी आहे का, हे गाईच्या दुधावरून तपासण्याची मिल्क रिंग टेस्ट नावाची सोपी चाचणी आहे. दुधात रंगवलेल्या मेलेल्या जंतूंचा थेंब टाकतात आणि वर आलेल्या सायीत रंगीत कडं दिसलं, तर संशय धरून जनावराचं रक्त तपासतात. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना ब्रुसेलाची लस एकदाच देतात. २०१९ साली केंद्र सरकारने त्यासाठी देशभर कार्यक्रम सुरू केला. तेव्हा गोठ्यात गाय शेवटच्या महिन्यांत गाभ टाकत असेल, तर नजर लागली म्हणून गप्प बसू नका. पशुवैद्यकाला बोलवा. पडलेला गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नका. गोठ्याचं काम बहुतेक घरी बाईच करते आणि आधी धोकाही तिलाच असतो.

कमलाबाईंची आणखी एक परीक्षा बाकी होती. इन्स्टिट्यूटच्या संचालकपदावर त्यांचा हक्क होता, पण चार वर्षं त्यांना ते मिळू दिलं गेलं नाही. शेवटी मिळालं आणि त्या संस्थेच्या पहिल्या महिला संचालक झाल्या. त्याआधी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवर काम केलं होतं. ताडामाडाची ताजी नीरा आणि ताडगूळ यांत लोह आणि जीवनसत्त्वं असतात, आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर बायकांना त्याचा फायदा होतो, हे त्यांनी तपासून दाखवलं. त्या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कारही मिळाला.

आणि मग आलं ते काम, जे थेट तुमच्याआमच्या ओट्यापर्यंत पोचतं. १९६६ साली मुंबईत नऊ महिलांनी मिळून ग्राहकांसाठी एक संस्था काढली, कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया. कमलाबाई तिच्या कामात मनापासून उतरल्या. १९८२-८३ मध्ये त्या अध्यक्षही होत्या. संस्थेच्या 'कीमत' या मासिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लेख लिहिले. केंब्रिजची डॉक्टर बाई, पण बाजारातून आणलेल्या वस्तूत भेसळ आहे का, हे साध्या गृहिणीला समजावून सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, घरच्या घरी काय तपासता येतं आणि काय येत नाही, हे लक्षात ठेवू या. उकळून गार केलेल्या दुधात आयोडीनचा थेंब टाकला आणि निळा रंग आला, तर त्यात पिठाची भेसळ आहे. लॅक्टोमीटरने पाण्याचा अंदाज येतो. पण जंतू घरी तपासता येत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. मग घरातल्या बाईच्या हातात काय आहे? चूल आहे की! दूध ढवळत चांगलं उकळी येईपर्यंत तापवलं, की क्षयाचे, ब्रुसेलाचे, टायफॉइडचे जंतू मरतात. तासन् तास आटवायची गरज नाही. मग पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवून लवकर गार करा, झाका आणि फ्रिजमध्ये ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, वीज केव्हा जाईल सांगता येत नाही. अशा वेळी पिशवीचं पाश्चराइज्ड दूधही उकळूनच वापरलेलं बरं.

धारोष्ण दूध ताकदीचं म्हणून मुलांना गोठ्यातच पेलाभर पाजायची जुनी रीत आहे. माया खरी आहे, पण रीत सोडा. दोन तासांनी तेच दूध उकळून दिलं तर ताकद कुठे जात नाही. पूजेच्या पंचामृतालाही उकळून गार केलेलं दूध चालतं की! तीर्थ आपण लहान लेकरांना आणि गरोदर सुनेलाही देतो, हे ध्यानात असू द्या. आणि धार काढण्याआधी हात नि कास धुणं, भांडं गरम पाण्याने विसळून उन्हात वाळवणं, याला पैसे पडत नाहीत.

१९९८ साली दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने कमलाबाईंचा सत्कार ठरवला. इतकी वर्षं ज्यांच्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नव्हतं, त्यांचं कौतुक व्हायचं होतं. पण त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या. कौतुक यायला असा उशीर झाला. तोवर त्यांच्या हाताखाली शिकलेल्या विद्यार्थिनी ठिकठिकाणी प्रयोगशाळांत काम करू लागल्या होत्या आणि बंगलोरच्या त्या संस्थेत मुली शिकत होत्या.

आज तुमच्या घरातली लेक विज्ञानाला जायचं म्हणत असेल आणि मुलीच्या जातीला काय करायचंय ते, असं कुणी म्हणालं, तर त्यांना कमलाबाईंची गोष्ट जरूर सांगा. नाही म्हणण्याआधी एक वर्ष तिला शिकू तर द्या, मग काय ते ठरवा.